आधी दुसऱ्याचं सांग

१३ जानेवारी, सोमवार

वकीलबाई,

सुरुवातीला "लाडके" लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसतंय, तर दिसू दे. नवीन कागद घेतला असता तर त्यावरही तेच लिहिलं गेलं असतं.

फोनवर तू ओरडतोस, सांगायचं असेल ते लिहून पाठव, असं तूच म्हणाली होतीस. उत्तर देईन असं म्हणाली नव्हतीस, तेही लक्षात आहे. म्हणून लिहितोय. कागदावर मला ओरडता येत नाही. फार तर पेन जोरात दाबता येतं, तेवढं चालवून घे.

मला नोकरी लागली. शाळेत. काय शिकवतो, तर भांडण कसं मिटवायचं. हसलीसच ना. मुलाखत घेणाऱ्या मावशी मात्र हसल्या नाहीत. आमची संस्था त्या चालवतात, आणि अख्खी शाळा त्यांना मावशीच म्हणते. त्यांनी विचारलं, "कॉलेज मधेच का सोडलंस?" म्हटलं, "भांडण झालं." "कुणाशी?" "कुणाकुणाचं सांगू?" त्या गुडघा चोळत माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आयुष्यात कधी आवाज न चढवलेले खूप येतात माझ्याकडे. पोरं त्यांना आठवड्यात पळवून लावतात. तू उद्यापासून ये."

शाळा तीन मजली. एका अंगाला टायरचं दुकान, दुसऱ्या अंगाला शिवणकामाचा कारखाना, आणि पुढचा रस्ता इतका अरुंद की ट्रक शिरला की खालच्या वर्गांत दिवे लावावे लागतात. मैदान नाही. आहे ती गच्ची. भोवती कठडा, कोपऱ्यात पाण्याच्या टाक्या, मधे व्हॉलीबॉलचं नेट. सगळ्या शाळेचं खेळणं तिथे आणि सगळ्या शाळेची मारामारीही तिथेच. नववीत दोन टोळ्या आहेत, पुलाअलीकडची आणि पुलापलीकडची. अलीकडच्यांचा म्होरक्या इंजिन. धावताना फुसफुसतो म्हणून इंजिन. अंगाने माझ्याएवढा आणि चेहरा अजून सहावीतला. पलीकडच्यांची म्होरकी कात्री. तिची आई कारखान्यात कापड कापते आणि ही जिभेने माणसं. पहिल्याच तासाला मला म्हणाली, "दादा, शर्ट उलटा घातलाय तुम्ही." उलटा नव्हता. मी खाली बघून खात्री करेपर्यंत वर्गाने पोटभर हसून घेतलं.

मावशींची रीत अशी, की गटात शहाणी मुलं घ्यायचीच नाहीत. मुलांनाच विचारायचं, तुम्ही कुणाच्या मागे जाता? ज्यांच्या मागे जातात त्यांना घ्यायचं, मग ती कितीही वात्रट असोत. त्यांना शिकवायचं, आणि मग बाकीच्यांची भांडणं त्यांनी सोडवायची. प्रयोगशाळेमागच्या खोलीत एक बाक टाकलाय. भांडणारे दोघं त्यावर शेजारी शेजारी बसतात, भिंतीकडे तोंड करून. आपली बाजू सांगायची नाही. आधी दुसऱ्याची सांगायची. त्याने काय पाहिलं, त्याला काय वाटलं, सगळं त्याच्या तोंडचं असल्यासारखं. "मी असा होतो, मला असं वाटलं." तो "बरोबर" म्हणाला की आपलं झालं. "नाही" म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून. परवा शनिवारी पाचवीतली दोन पोरं एका पेन्सिलीवरून बसली होती. एकाला सात वेळा "नाही" ऐकावं लागलं. आठव्यांदा दुसरा "बरोबर" म्हणाला आणि दोघंही रडायला लागले. पेन्सिल तिथेच राहिली.

आपल्या दोघांना असा बाक मिळाला असता तर. जाऊ दे.

नेतृत्वाचा पहिला तास मी घेतला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की म्होरक्या म्हणजे ज्याचे पाय आधी हलतात तो, कारण मागची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. मला ते फार भारी वाटलं. इंजिनने वहीत उतरवून घेतलं. तो वर्षभरात पहिल्यांदाच काहीतरी उतरवून घेतोय, असं त्याच्या शेजारचा म्हणाला.

ही नोकरी मी तुला दाखवायला धरलेली नाही. बरं, धरलीय.

भडका

२३ जानेवारी, गुरुवार

वकीलबाई,

आज दोनच ओळी. शाळेत गडबड झाली. गच्चीवर खेळाच्या सरांनी इंजिनच्या थोबाडीत मारली. मी वर गेलो होतो, थोडी बाचाबाची झाली, त्यात सरांचं मनगट दुखावलं. एवढंच.

हे सर म्हणजे पन्नाशीचे, गळ्यात कायम शिट्टी, डोक्यावर टोपी. मुलांना नावाने हाक मारत नाहीत, बुटांवरून मारतात. "ए पांढऱ्या नाडीवाल्या, ए फाटक्या अंगठ्यावाल्या." आमच्या बाकाला ते "रडण्याचा बाक" म्हणतात, तेही माझ्यासमोर. तेव्हा आधीपासून ते मला काही फार प्रिय नव्हते.

सकाळी शाळेत येताना तुझी ती चष्मेवाली मैत्रीण भेटली. तिने एक बातमी दिली. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, आणि खरी का खोटी तेही विचारणार नाही. मी शांत आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय ते टेबल हलतं म्हणून.

मावशी फोन उचलत नाहीयेत.

भडका

२४ जानेवारी, शुक्रवार

वकीलबाई,

कालच्या पत्रातलं "बाचाबाची" खोडून वाच. मी सरांची कॉलर धरली.

जिन्याच्या दारातून मी गच्चीवर पाऊल टाकलं आणि समोर टाकीपाशी सरांनी इंजिनच्या थोबाडीत मारलेली पाहिली. मी गच्ची कशी ओलांडली ते मला आठवत नाही. कॉलर हातात आली एवढं आठवतं. मी त्यांना गदागदा हलवलं. शिट्टीची दोरी तुटली आणि शिट्टी घरंगळत टाकीखाली गेली. सगळी नववी बघत होती. अलीकडची, पलीकडची, सगळी एका रांगेत, कधी नव्हे ते एकत्र. आणि मला कळायच्या आत बाजूने इंजिन आला आणि त्याने दोन्ही हातांनी सरांना ढकललं. सर टाकीच्या पाइपवर आपटले. मनगट तिथे दुखावलं.

त्यानंतर इंजिनने माझ्याकडे बघितलं. गणित सोडवून दाखवताना पोरं बघतात ना, तसं. जमलं ना दादा, असं.

मुख्याध्यापिकांनी आज दुपारी बोलावलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "मुलाने शिक्षकावर हात टाकलाय. मागच्या सत्रात त्याला शेवटची ताकीद दिलेली आहे. सरांची लेखी तक्रार आली की त्याचा दाखला द्यायचा, मला दुसरं काही करता येत नाही. सरांनी सोमवारपर्यंत वेळ मागितलाय."

मी म्हटलं, दोष माझा आहे, मी लिहून देतो, मला काढून टाका. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "तू गेलास म्हणून त्याचा दाखला थांबत नाही. तुला काढणं सोपं आहे. अवघड ते तुझ्या मागे आलेल्याचं काय करायचं." मग जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या आणि खालून म्हणाल्या, "पाय आधी कुणाचे हलले, ते त्याने बघितलं. तूच शिकवलंस."

इंजिनची आई आली होती, दवाखान्याच्या धुलाईखान्यातून, कामावरच्याच कपड्यांत. मला वाटलं शिव्या देतील. बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "याचा मामा बाजूच्या टायरच्या दुकानात आहे. याला कधी एकदा हाताखाली घेतो असं झालंय त्याला. शाळा सुटली तर त्याच दिवशी घेऊन जाईल. आणि तिथे गेलेला एकही पोरगा पुन्हा वर्गात बसलेला मी बघितला नाही." मग जरा थांबून विचारलं, "तुम्ही शिकवता काय हो नेमकं?" खरंच विचारत होत्या.

शिक्षकांच्या खोलीत सरांकडे गेलो. पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवून बसले होते. म्हणाले, "तू माझ्याशी बोलू नकोस." गेलो तसा परत आलो.

व्हरांड्यात कात्री वाट बघत उभी होती.

"दादा, तुम्ही आणि सर बाकावर बसा."

"ते मोठ्यांसाठी नसतं."

"असं कुठे लिहिलंय? पाचवीतली पोरं पेन्सिलीवरून बसतात, आणि तुम्ही माणूस हलवलाय."

"तुला कशाला एवढी पडलीय? इंजिन गेला तर गच्ची तुमचीच आहे."

"फुकटची गच्ची घेऊन काय करू? जन्मभर ऐकावं लागेल, दाखल्यावर मिळाली म्हणून." आणि मान उडवून गेली, थेट शिक्षकांच्या खोलीत. आत काय बोलली ते तिनेच नंतर सांगितलं. "मी म्हटलं, सर, हरलेल्या टीमला तुम्ही हात मिळवायला लावता, मग आमची टीम कुठली का असेना. आता तुमचा नंबर आहे." सरांनी हातावरच्या पट्टीकडे बघितलं म्हणे. मग म्हणाले, "उद्या, शाळा सुटल्यावर. आणि तो पोरगाही हजर पाहिजे."

तेव्हा उद्या मला सरांची बाजू सांगायचीय. घाबरत नाही मी. गेला आठवडाभर दिवसाला चार भांडणं ऐकतोय, दुसऱ्याची बाजू कशी मांडायची ते मला चांगलं कळतं. अशी मांडीन की सर पहिल्याच फटक्यात "बरोबर" म्हणतील. इंजिन सुटेल. मग तुला सविस्तर लिहीन.

भडका

२५ जानेवारी, शनिवार

वकीलबाई,

बाकावर माझ्या डाव्या हाताला सर. समोर भिंत, तिच्यावर ओलीचा डाग. पाठीमागे कात्री उभी. मावशी खुर्चीत पाय लांब करून, इंजिन कपाटाला टेकून, मुख्याध्यापिका उंबऱ्यावर, ना आत ना बाहेर. कात्रीने सगळा नियम पुन्हा सांगितला, आम्ही दोघं पाचवीतले असल्यासारखा. मग म्हणाली, "दादा आधी. हात आधी तुमचा गेला."

मी घसा साफ केला. "मी खेळाचा शिक्षक. मला शिस्त लागते. पोरगा ऐकत नव्हता. माझा तोल सुटला आणि मी त्याला मारलं. आता मला त्याचं वाईट वाटतंय."

"नाही," सर म्हणाले. न चिडता. बॉल रेषेबाहेर पडला तर सांगावं तसं.

"मी दमलेला होतो. एवढी पोरं एकटा सांभाळतो, माझी कुणाला किंमत नाही, त्या रागात माझा हात उठला."

"नाही."

"माझ्या लहानपणी मलाही असंच मारायचे, त्यामुळे मला दुसरं काही..."

"नाही. माझ्या वडिलांना मधे आणू नकोस."

कपाटापाशी इंजिन फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. माझी कानशिलं तापायला लागली. मी आवाज चढवला, काय बोललो ते लिहीत नाही. कात्री मागून म्हणाली, "दादा, तुम्ही सरांचं सांगतच नाही आहात. सरांनी जी माफी मागावी असं तुम्हाला वाटतं, ती त्यांच्या तोंडून मागून घेताय."

शेजारी टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. ते यंत्र मी रोज ऐकतो. इंजिनही ऐकत होता, आणि त्याच्याकडे न बघताही मला ते कळत होतं.

डोक्यात दुसरं काही येईना, तेव्हा मी ती गच्ची आठवायला लागलो. कॉलर नाही, त्याच्या आधीची. मी दारातून आलो तेव्हा सर टाकीपाशी होते. पण टाकीपाशी ते कधीच उभे राहत नाहीत. ते नेटच्या खांबापाशी उभे राहतात, पार दुसऱ्या टोकाला. आणि त्यांची टोपी गच्चीच्या मधोमध पडली होती, माझा पाय जवळजवळ तिच्यावर पडला होता. आणि इंजिनचा शर्ट. पोटापासून छातीपर्यंत पांढरा झाला होता, कठड्याच्या चुन्याने. हे सगळं मी त्या दिवशी बघितलं होतं. बघून सोडून दिलं होतं.

"मी नेटपाशी होतो," मी हळू बोललो. "बॉल कठड्याबाहेर, छज्ज्यावर जाऊन अडकला. हा पोरगा कठड्यावर पालथा पडला. मी शिट्टी वाजवली. तो आला नाही. मी पुन्हा वाजवली. तो पुढे पुढे सरकत होता. मला त्याचे नुसते बूट दिसत होते."

शेजारी सरांचा श्वास बदललेला मला ऐकू आला.

"मी धावलो. टोपी पडली. मी त्याचे पाय धरले आणि आत ओढला. तो हसत होता. बॉल वर करून सगळ्यांना दाखवत होता. आणि मी मारली."

"अर्धं," सर म्हणाले.

"अर्धं म्हणजे नाहीच, सर," कात्री म्हणाली.

"माहीत आहे मला."

मी पुढचं शोधायला लागलो. "मग एक माणूस आला आणि सगळ्या पोरांसमोर त्याने माझी कॉलर धरली. मला अपमान वाटला." सर गप्प. म्हणजे तेही नव्हतं. मग मला कालचा जिना आठवला. मधल्या सुट्टीत सर नवी शिट्टी वाजवत जिन्यात उभे होते आणि सहावीतली पोरं तोंडात बोटं घालून उलट शिट्ट्या मारत त्यांच्या अंगावरून खाली गेली होती. मी वरून बघत होतो. मला गंमत वाटली होती.

"काल मी जिन्यात शिट्टी वाजवली," मी म्हणालो, "तर एकही पोर थांबलं नाही. उद्या पुन्हा कुणी त्या कठड्यावर चढलं, तर मी त्याला कशाने थांबवू?"

"बरोबर," सर भिंतीला म्हणाले. तो शब्द काढायला त्यांना वेळ लागला.

मग त्यांची पाळी. त्यांनी माझी बाजू एका दमात सांगितली. "मी जिन्यातून वर आलो. एका पोराला मारलेलं पाहिलं. आधी काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, या पोराच्या बाजूने कुणीच नाही, मी तरी उभा राहतो. चुकलं माझं, पण पोरासाठी चुकलं." आणि थांबले.

माझ्यापुढे दार उघडं धरावं तसं धरलं होतं त्यांनी. एक शब्द म्हणायचा होता. मावशींनी मान हलवली. मुख्याध्यापिका पहिल्यांदाच खोलीच्या आत आल्या. मी मागे वळलो. तसं वळायचं नसतं, पण वळलो. इंजिन माझ्याकडे बघत होता, गच्चीवर बघितलं होतं अगदी तसंच. "बरोबर" म्हटलं की सगळं बसत होतं. मी जरा तापट पण मनाचा चांगला, तो मला जागलेला पोरगा, सर मोठ्या मनाचे. हात मिळवून सगळे घरी.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?" सरच दचकले.

"मी वर आलो तेव्हा इंजिन माझ्या डोक्यातही नव्हता. मला त्या सकाळी एक बातमी कळली होती. एका मुलीची. सकाळपासून मी मूठ वळून हिंडत होतो, कुणाला मारायचं एवढंच ठरायचं होतं. गच्चीवर गेलो ते एकटं बसायला. तुम्ही मारलेलं दिसलं आणि मला आनंद झाला, सर. खरंच आनंद झाला. म्हटलं, मिळालं एकदाचं कारण."

मग कात्रीने विचारलं, बाकावर विचारायचा नसतो तसा प्रश्न. "मग इंजिन कुणासाठी मधे पडला?"

इंजिन कपाटापासून सुटला आणि मुख्याध्यापिकांच्या बाजूने बाहेर गेला. जिन्यावर त्याची फुसफुस ऐकू आली, तीन मजले, खालपर्यंत.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, मग तक्रारीचं?"

"सोमवारी देतो."

"देणार आहात?"

"देणार," सर म्हणाले, आणि चांगल्या हाताने बाकाचा आधार घेत उठले.

वकीलबाई, तू इथे असतीस तर विचारलं असतंस, एका शब्दाने पोरगा वाचत होता, तर तुला खरं बोलायचा पुळका त्याच वेळी कसा आला? मला माहीत नाही. पोरगा माझ्याकडे तसा बघत होता ते मला सहन झालं नाही, एवढंच सांगता येतं.

भडका

२७ जानेवारी, सोमवार

वकीलबाई,

काल रविवारी मी टायरच्या दुकानात गेलो. इंजिन पाण्याच्या पिंपापाशी उकिडवा बसून ट्यूब बुडवत होता, बुडबुडे कुठून येतात ते बघत. कोपरापर्यंत काळा. त्याचा मामा जॅकखालून म्हणाला, "या मास्तर. हात बघा पोराचा, आत्तापासूनच बसलाय." मी इंजिनशी बोलायला गेलो तर त्याने ट्यूब माझ्या हातात दिली. "धरा. दाबू नका." मी धरली. बराच वेळ धरली. तो पॅच लावत होता.

"मी त्यांना तुमच्यासाठी ढकललं," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी आलात."

"माहीत आहे."

"सर माझ्यासाठी धावले होते. आणि मी त्यांनाच ढकललं." ट्यूब काढून घेतली आणि आत गेला. मी त्याच्या मागोमाग आत जायला निघालो तर मामा म्हणाला, "आज राहू द्या."

आज सकाळी सरांनी तक्रार दिली. मुख्याध्यापिकांनी आधी स्वतः वाचली, मग मला वाचायला दिली. सगळी माझ्याविरुद्ध आहे. कॉलर, हलवणं, शिट्टी, मनगट, सगळं. इंजिनच्या धक्क्याबद्दल एकच ओळ आहे. शाळेने नेमलेल्या माणसाने जे करून दाखवलं ते विद्यार्थ्याने केलं, त्याला वेगळं धरू नये. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मनगट तर मुलामुळे दुखावलं." सर म्हणाले, "मनगट माझं आहे. कुणामुळे दुखलं ते मी ठरवेन."

माझी नोकरी गेली. मावशी म्हणाल्या, "आज तुझा शेवटचा दिवस. पुढच्या वर्षी तोंड दाखव, मग बघू." रागावल्या नव्हत्या. चहा पाजला.

दाखला थांबला, पण इंजिन शाळेत येईल का, ते काही त्या कागदात नव्हतं. मी रस्त्यापलीकडे उभा राहिलो. घंटा झाली. पोरं आत गेली. सर फाटकाशी उभे होते, त्यांनी फाटक अर्धवट लोटलं आणि तसंच धरून ठेवलं. दुकानातून इंजिन बाहेर आला. अंगावर गणवेश, पाठीवर दप्तर, हात काळेच. मामा आतून काहीतरी ओरडत होता, त्याने वळून बघितलं नाही. रस्ता ओलांडून फाटकाकडे न जाता तो माझ्याकडे आला.

मी म्हटलं, "माझं चुकलं. तुला मी..."

"थांबा," तो म्हणाला. "त्या मुलीला माहीत आहे का, तिचा राग तुम्ही सरांवर काढला ते?"

"नाही."

"म्हणजे तिच्यासमोर तुम्ही अजून चांगलेच आहात."

मी त्याच्या काळ्या हातांकडे बघितलं.

"आधी तिला सांगा. मग मला सॉरी म्हणा. नंबराने." आणि फुसफुसत पळत गेला. फाटकाशी सरांनी त्याचे हात बघितले आणि नळाकडे बोट दाखवलं. तो हात धुऊन आत गेला तेव्हा त्यांनी फाटक लावलं.

म्हणून हे पत्र, आणि शनिवारचं, जे टाकायची हिंमत झाली नव्हती, तेही सोबत. तुझं लग्न ठरलंय, हे मला तुझ्या मैत्रिणीने त्या गुरुवारी सकाळी सांगितलं. तू मला काही कबूल केलं नव्हतंस. कधीच नाही. भीती वाटते असं मात्र तू दोनदा म्हणाली होतीस, आणि दोन्ही वेळा मी तुझ्यावर ओरडलो होतो की भीती वाटण्यासारखं मी काय केलंय. तर हे केलं. तुझ्यापासून इतक्या लांब, एका पन्नाशीच्या माणसाला मी गदागदा हलवलं, आणि एका पोराची शाळा जवळजवळ घालवली, आणि त्या दिवशीच्या पत्रात तुला "एवढंच" असं लिहिलं. तू ओळखलं होतंस ते बरोबर होतं.

अभिनंदन. हे मनापासून आहे असं अजून म्हणवत नाही, पण लिहिलंय, खोडणार नाही.

कोपऱ्यावरच्या पेटीत दोन्ही पत्रं टाकतो. शाळा सुटायला अजून वेळ आहे. फाटकासमोर जाऊन उभा राहतो.

भडका